पान नंबर दोन

घोडा नाचायला लागला तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की आपण पोलीस ठाण्याच्या आवारात येऊन पोचलोय.

दोष घोड्याचा नव्हता. सुलतान हा लग्नातला घोडा. बँड वाजला की मान डोलवायची आणि पुढचे पाय आळीपाळीनं आपटायचे, एवढंच त्याला जन्मात शिकवलेलं. आता नेमकं त्याच रविवारी दुपारी कुणा जमादाराचा निवृत्तीचा समारंभ ठाण्यात असावा आणि त्याला बँड बोलवावा, याला आम्ही काय करणार? बाजारपेठेतून सुसाट निघालेला सुलतान बँड ऐकून गर्रकन वळला, फाटकातून आत घुसला, हार घातलेल्या जमादारापुढं उभा राहिला आणि नाचू लागला. पाठीवर आम्ही दोघं. एकाच्या हातात लगाम, दुसऱ्याच्या हातात पहिल्याचा शर्ट. जमादाराला वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यानं डोळे पुसले आणि आम्हाला हात जोडले. आम्हाला पकडायला पोलिसांना खुर्चीवरून उठावंसुद्धा लागलं नाही.

घोडा आमच्या पी.टी.च्या गवसणे सरांच्या लग्नातला. सगळी शाळा जेवायला गेली होती. सर मुंडावळ्या बांधून बाहेर आले, तर घोडा गायब. शेवटी सर लूनावर मागं बसून मंडपात गेले. वर्षभर आम्हाला ‘सावधान’ करणारा माणूस लूनावर तलवार सांभाळत बसलाय, हे दृश्य बघायला मिळालं नाही याची चुटपुट मला आजही आहे. सर स्वतः काही बोलले नाहीत, पण त्यांचे मामा पेटले आणि त्यांनी घोडाचोरीची तक्रार ठोकली.

आम्ही दोघं पंधरा वर्षांचे, दहावीतले, एका बाकावरचे. दोघांचंही आडनाव काळे. मकरंद काळे हा कॉलेजातल्या संस्कृतच्या प्राध्यापकांचा मुलगा, कॉलनीत राहणारा. मी पारध्यांच्या पालावरचा. आडनाव एकच, पण या दोन काळ्यांच्या मधे नदी, स्मशान आणि पोलीस ठाणं, एवढं अंतर होतं. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव शैलेश. ते गुरुजींनी लावलं. घरचं नाव फौजदार. आमच्यात ज्याचा धाक वाटतो त्याचं नाव पोराला ठेवून टाकायची रीत आहे. माझा मोठा भाऊ तहसीलदार.

ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, “नाव?”

मी घाबरून घरचं सांगितलं, “फौजदार.”

“नाव विचारलं मी. तक्रार कुणाकडं करायची ते नाही.”

मग ते मकरंदकडं वळले. आवाज एकदम मऊ झाला. “काय रे, काळे सरांचा ना तू? सर आमच्या मेव्हण्याला शिकवायला होते. तू कसा काय याच्या नादी लागलास?”

आणि मला विचारलं, “कितवा हा घोडा?”

“पहिलाच,” मी म्हणालो.

“पहिल्यांदा सापडलास. मी घोडा विचारतोय.”

असा आमचा गुन्हा एका घोड्यावर बसून सुरू झाला आणि ठाण्याच्या पायरीवर त्याची दोन शकलं झाली. मकरंदची ती खोडी, माझी ती चोरी. मला त्याचं नवल वाटलं नाही. मला घोर लागला होता तो निराळाच. नऊ दिवसांवर दहावीची परीक्षा होती. आमच्या पालावर तोवर दहावीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. हॉल तिकीट आयनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी पत्र्याच्या डब्यात घालून, तो डबा पिठात पुरून ठेवला होता. मला आत टाकलं तर ते तिथंच पिठात राहणार होतं.

संध्याकाळी आम्हाला जिल्ह्याच्या गावी रिमांड होममधे नेलं. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे बाल न्याय मंडळ बसायचा वार. तिथल्या एका दादा पोरानं आम्हाला सगळं समजावून दिलं. “प्रोबेशनचे साहेब तुमच्यावर दोन पानी अहवाल लिहितात. पहिल्या पानावर नाव, वय. दुसऱ्या पानावर तू कसा आहेस ते. मॅडम दुसरं पान बघतात. चांगलं आलं तर घरी. वाईट आलं तर विशेष गृह, तीन वर्षं.”

“आणि पान चांगलं यायला काय करायचं?” मी विचारलं.

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. म्हणाला, “तुझं राहू दे.”

दिवेलागणीला मकरंदच्या आई, आमच्या काकू, येऊन गेल्या. डोळे रडून सुजलेले, हातात चार पुडाचा डबा आणि इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट. पोलीस म्हटले की माणूस काहीही विसरतं, पण काकू शर्टाला अत्तर लावायला विसरल्या नव्हत्या. त्या गेल्यावर मकरंदनं तो शर्ट माझ्या अंगावर फेकला.

“तू हा घाल. मला तुझा दे.”

“माझा फाटलाय की.” खरंच, माझा शर्ट पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत उभा टरकला होता.

“म्हणून तर पाहिजे. उद्या आईबाबा येतील. पोरगा फाटक्यात दिसला की जरा वाईट वाटेल त्यांना. ओरडा कमी बसतो.” त्यानं डावा कान खाजवला. “काढ लवकर.”

मी काढला. अत्तराचा शर्ट जन्मात पहिल्यांदा अंगावर येत होता, मी कशाला नाही म्हणू? रात्रभर मी पाठीवर सरळ झोपलो, इस्त्री मोडू नये म्हणून.

सकाळी प्रोबेशनचे गुळवे साहेब आले. घाईत होते. खांद्याला शबनम पिशवी आणि पिशवीत झेरॉक्स कागदांचे दोन गठ्ठे, एकाला लाल रबर, एकाला साधी सुतळी. दारातूनच त्यांनी विचारलं, “घोडेवाले काळे कोण? शैलेश?”

मी उभा राहिलो. साहेबांनी माझ्या चौकड्या पाहिल्या, कॉलर पाहिली, वास घेतला आणि प्रसन्न झाले. लाल रबराच्या गठ्ठ्यातलं एक पान ओढून माझ्या पहिल्या पानाला टाचणीनं टोचलं.

“बाळ, बाबा कुठं असतात?”

“बाहेरगावी,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. माझ्या बाला आठवड्यापूर्वीच शेजारच्या तालुक्यातल्या पोलिसांनी चौकशीला नेलं होतं.

“बरं. आईंना माझा नमस्कार सांग. आणि मकरंद कोण?”

मकरंद उभा राहिला. साहेबांनी त्याच्या अंगावरचा माझा शर्ट पाहिला, विस्कटलेलं डोकं पाहिलं. मकरंद मुळातच सावळा, त्यात आदल्या दिवशीची धूळ. साहेबांनी सुतळीतलं पान ओढलं, टोचलं, म्हणाले, “नीट उभा राहा रे,” आणि गेले. पाच मिनिटांत दोघांची सामाजिक पार्श्वभूमी तपासून झाली.

अकरा वाजता मंडळ बसलं. रिमांड होमच्याच हॉलमधे एक टेबल, त्यामागं अत्तरदे मॅडम. बारीक चणीच्या, नाकावर घसरलेला चष्मा, तोंडावरची रेघ हलेल तर शपथ. शेजारी मंडळाचे सदस्य, एक निवृत्त हेडमास्तर. ते खडीसाखर चघळत होते. समोर बाकावर एका टोकाला काळे सर आणि काकू, दुसऱ्या टोकाला माझी आय. ती पहाटेच्या एस.टी.नं आली होती. कुठल्याही टेबलापुढं उभं राहायची तिला सवय होती, पण बसायला सांगितलं की ती घाबरायची. बाकाच्या अगदी कडेवर टेकली होती. माझ्या अंगावरचा शर्ट बघून तिचे डोळे विस्फारले. मग तिनं मकरंदच्या अंगावरचा बघितला. त्या शर्टाचं तिसरं बटण तिनं स्वतः लावलेलं होतं, निळ्या शर्टाला पांढरं.

“शैलेश काळे,” मॅडम म्हणाल्या. “अहवाल वाचते. पालकांनी खरं-खोटं सांगायचं. आई कोण?”

“म्या,” आय उठली.

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं. मग गुळवे साहेबांकडं. साहेब पिशवीत काहीतरी शोधत होते.

“‘बालक सुसंस्कृत कुटुंबातील असून, घरात पहाटे उठण्याची शिस्त आहे.’ खरं आहे?”

“व्हय बाई. चारला उठतो समदे.”

“रोज?”

“रोज. पोलिसांची गाडी त्याच टायमाला येती ना. आधी उठल्यालं बरं असतंय, अंगावरचं लुगडं तरी नीट असतंय.”

हेडमास्तरांच्या तोंडातली खडीसाखर थांबली. मॅडमच्या तोंडावरची रेघ तशीच. त्यांनी पुढचं वाचलं.

“‘वडिलांना वारंवार बाहेरगावी राहावे लागते, तरी आई मुलाकडे जातीने लक्ष देते.’”

“ऱ्हावं लागतंय की. कुटं काय हरवलं का नेत्यात त्यास्नी. मागल्या साली तीन जिल्हे झाले.”

“कामानिमित्त?”

“त्यांच्याच कामानिमित्त, पोलिसांच्या. आन् लक्ष म्हनाल तर, हा वाचीत बसला का मी दिव्याम्होरं पदर धरून बसती. वारं लई माळावर.”

“‘दिवेलागणीनंतर बालक घराबाहेर पडत नाही.’”

“पडंल कसा? अंधारात दिसला का उचलला.”

“‘घरी प्रतिष्ठित व सरकारी व्यक्तींचे येणे-जाणे आहे.’”

“लई हाय!” आयला आता हुरूप आला होता. “येक महिना सुना जात न्हाई. गेल्या खेपंला तर सायबाची जीप पार पालाच्या आत आली. चूलच ग्येली.”

काळे सरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. मी मात्र हसलो नाही. मी ऐकत होतो. त्या पानावर माझ्या घराबद्दल लिहिलेलं होतं आणि त्यात वाईट असं काहीच नव्हतं. पंधरा वर्षांत सरकारी कागदावर मी आमच्याबद्दल असलं काही ऐकलं नव्हतं. छाती भरून आली, अत्तराचा शर्ट पुढं आला.

“‘शिफारस’,” मॅडम वाचत होत्या. “‘सदर कृत्य ही बालसुलभ खोडी समजून, बालकास समज देऊन पालकांच्या ताब्यात द्यावे.’ बसा. मकरंद काळे.”

काळे सर उठले. धोतर, कोट, टोपी. मॅडमनी दुसरा कागद उचलला. त्या थोडं थांबल्या, मग सावकाश वाचू लागल्या.

“‘पालकांचे बालकावर अजिबात नियंत्रण नाही.’”

सरांनी मान खाली घातली. “मान्य आहे. घोडा हेच त्याचं प्रमाण.”

“‘बालक शाळेत वारंवार गैरहजर असते.’”

“वारंवार नाही हो,” काकू कळवळल्या. “फक्त गणिताच्या तासाला. पोटात दुखतं त्याच्या.”

“‘वडिलांना व्यसन आहे.’”

“मला?” सर ताठ झाले. पण तेवढ्यात तपकिरीची डबी कोटाच्या खिशातून घरंगळून टेबलाखाली गेली. काकूंनी वाकून उचलली आणि म्हणाल्या, “सांगून सांगून थकले मी. पाच वर्षं झाली.” सरांना भीतीनं की काय, पाठोपाठ तीन शिंका आल्या.

“‘नात्यातील व्यक्तीवर गुन्हा नोंद आहे.’”

“अहो, तो माझ्या भावाचा विषय इथं कशाला?” काकूंना रडू फुटलं. “सोसायटीच्या टाकीचं पाणी तोडलं त्या माणसानं. दादानं नुसती बादली उगारली होती. लागली ती चुकून!”

“अगं, गप्प बस ना,” सर कुजबुजले.

“चारही मुद्दे मान्य,” मॅडम म्हणाल्या. “पाचवा. ‘कुटुंब पारधी समाजाचे असून, चोरी हा यांचा पिढीजात स्वभाव आहे. शिफारस, तीन वर्षे विशेष गृहात रवानगी.’”

मकरंद पांढराफटक पडला. सरांच्या तोंडून एक लांबलचक संस्कृत शब्द बाहेर पडला, अर्थ मला लागला नाही, पण तो स्तोत्रातला नसावा. मग मराठीतून ओरडले, “तीन वर्षं? एका घोड्यापायी? हा अन्याय आहे, मॅडम! लहान पोर आहे हो ते! त्याची परीक्षा आहे!”

आय सरांकडं बघतच राहिली. हे सगळं ती आयुष्यभर बोलत आली होती, पण ते एवढ्या मोठ्यानंही बोलता येतं, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

गुळवे साहेब धावत टेबलाशी आले. “मॅडम, माफ करा, घोटाळा झाला. पानं उलटी लागली. हे पान ह्याचं, आणि ते त्याचं. एक मिनिट, टाचणी काढतो.”

“थांबा,” मॅडमनी पानांवर हात ठेवला. “उलटी कशावरून? त्या बाईंनी सगळं पान कबूल केलं. या सरांनी पाचातले चार मुद्दे कबूल केले.”

“पण पाचवा...”

“हां, पाचवा. तीन वर्षं कशाला लावली होती तुम्ही गुळवे? पहिल्या चार मुद्द्यांना, की पाचव्याला?”

गुळवे साहेब टाचणी हातात धरून उभे राहिले. टाचणी बोटात घुसली तरी त्यांना कळलं नाही.

“घरी गेला होतात दोघांच्या?”

“वेळ नव्हता, मॅडम. पण अनुभवानं कळतं. चेहऱ्यावरून...”

“कळलंच की,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोन्ही पानं काढून बाजूला ठेवली. “मला आता फक्त घोड्याबद्दल बोलायचंय. पानं बदलली तरी घोडा तोच राहतो ना? पुढं कोण बसलं होतं? लगाम कुणाच्या हातात होता? ज्याच्या हातात होता, त्याला मी जास्त जबाबदार धरणार आहे.”

गुळवे साहेबांना तेवढ्यात कंठ फुटला. “शैलेशच असणार, मॅडम. ही मंडळी जनावरांच्या कामात फार तरबेज.”

मी तोंड उघडलं. पण त्याआधी मकरंद पुढं झाला. त्याच्या पुढ्यात तीन वर्षांचं पान पडलं होतं, त्यावरून त्याची नजर हटत नव्हती. त्यानं डावा कान खाजवला.

“मी होतो पुढं. कल्पनाही माझीच. हा नुसता मागं बसला होता. रडत होता.”

“कशावरून?”

“माझा शर्ट बघा की.” तो वळला. पाठीवर शर्ट मानेपासून कमरेपर्यंत उभा फाटलेला. “ह्यानंच मागून धरून फाडलाय.”

हेडमास्तर उठून आले, फाटलेल्या शर्टातून दोन बोटं घालून पाहिली, पुराव्याची खात्री पटल्यासारखी मान हलवली आणि परत खडीसाखरेकडं गेले. सरांनी कपाळावर हात मारला. मी उठायला लागलो तेवढ्यात आयनं माझ्या पावलावर टाच रोवली. असली रोवली, की डोळ्यांत पाणीच आलं. मॅडमना वाटलं, पश्चात्ताप.

निकाल झाला. परीक्षा संपल्यावर दोघांनी चार रविवार सुलतानच्या तबेल्यात जायचं, शेण काढायचं, खरारा करायचा. लगाम धरणाऱ्यानं दोन रविवार जास्त. गवसणे सरांची दोघांनी लेखी माफी मागायची. आणि गुळवे साहेबांनी यापुढं प्रत्येक पोराच्या घरी पायानं जायचं, दुसरं पान हातानं लिहायचं, झेरॉक्स बंद.

सगळे उठून निघाले. मी उभाच राहिलो.

“आता काय?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, ते पान मला मिळेल? ते पहिलं वाचलेलं.”

“ते चुकीचं पान आहे, बाळ.”

“असू दे. चांगलं होतं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग लाल शाईनं त्या पानावर आडवं ‘रद्द’ असं लिहिलं, खाली सही केली. “आता हे मंडळाच्या कामाचं नाही. ने,” म्हणाल्या आणि पुढच्या पोराचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर मी आयवर चिडलो. “पाय का दाबलास? मी खरं सांगत होतो.”

“माझ्या हातचं बटन मला वळखू येत न्हाई व्हय?” ती म्हणाली. “तू खरं सांगटलं असतंस तर तुला तीन सालं. त्यो खोटं बोलला, त्याला दोन आयतवार. गप ऱ्हा. देवानं दिल्यालं मोजू न्हाई.” मग ती मकरंदकडं गेली. त्याला म्हणाली, “शर्ट दे बाबा हिकडं, टाचून देती,” आणि तिथंच, रिमांड होमच्या पायरीवर, कमरेच्या बटव्यातली सुई काढून बसली. मकरंद बनियनवर उभा, सर शिंकतायत, काकू आयच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवतायत. असे ते दोन काळे मी त्या दिवशी एकत्र पाहिले.

दहावीला मला एकसष्ट टक्के पडले. मकरंदला गणितात पस्तीस. सहाही रविवार आम्ही दोघं गेलो. माझे चारच होते, पण सुलतानला एकट्या मकरंदकडून खरारा करून घेणं पसंत नव्हतं. तो चावायचा. सुलतानला तपासायला तबेल्यात जनावरांचे डॉक्टर यायचे, त्यांचा मला नाद लागला. आज मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला आहे. मकरंद शाळेत शिकवतो. गणित.

ते पान आयनं फ्रेम करून घेतलं. आमच्या घरात देवांच्या शेजारी आहे. तिला वाचता येत नाही, लाल अक्षरं म्हणजे मोठ्या सायबाचा खास शेरा, अशी तिची समजूत. आल्या-गेल्याला दाखवते. परवाच्या दिवाळीत माझ्या दुसरीतल्या पोरीनं, गोदावरीनं, बोट ठेवून वाचलं, “रऽद्द. आजी, रद्द म्हणजे काय गं?”

“रद्द म्हंजे पक्कं,” आय म्हणाली. तिला हा अर्थ वीस वर्षांपूर्वी मीच सांगितला होता.

मकरंद फराळाला आला होता. तो दर दिवाळीला येतो, फ्रेमपुढं उभं राहून “माझं पान परत दे” म्हणतो आणि मग गोदावरीला घोड्याची गोष्ट सांगतो. त्यात लगाम त्याच्या हातात असतो आणि मी मागं बसून आयच्या नावानं गळा काढत असतो. दर वर्षी माझं रडणं थोडं वाढतं. यंदा तर मी घोड्यावर शू केली.

“बाबा, तुम्ही खरंच एवढे घाबरला होता?” पोरीनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो. वीस वर्षं हेच म्हणत आलोय, म्हणून आज इथं लिहून टाकतो. घोडा सोडायची कल्पना माझी. खुंटीची गाठ मी सोडली, पुढं मी बसलो, लगाम माझ्या हातात होता. मागं बसून “उतरव रे, उतरव” म्हणून रडत माझा शर्ट टरकावला तो मकरंदनं.

पोरगी फटाके उडवायला पळाली. मी त्याच्यापुढं चकलीची ताटली सरकवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, “मक्या, त्या संध्याकाळी शर्ट का बदललास रे?”

“सांगितलं होतं ना तेव्हाच. आईला वाईट वाटावं म्हणून,” तो चकली मोडत म्हणाला, आणि डावा कान खाजवू लागला.